डार्विन आणि आम्ही बोअरवाले

माझा धंदा बोअरचा. मशीन माझं नाही. मशीन कुठे उभं करायचं ते मी सांगतो. इंदूरमध्ये हे सांगणारे दोन प्रकारचे लोक आहेत. एक तळहातावर नारळ आडवा ठेवून प्लॉटभर फिरतात आणि नारळ उभा राहिला की तिथे खुंटी ठोकतात. दुसरे आम्ही, भूगर्भशास्त्र शिकलेले. आम्ही आधी आजूबाजूच्या बोअर किती फुटांवर लागल्या ते विचारतो, ओढा कुठून वाहायचा ते विचारतो, मग यंत्राच्या तारा पसरतो. नारळवाल्याची दक्षिणा माझ्या फीपेक्षा जास्त असते आणि लोक ती हसत देतात. असो.

हे आधी सांगितलं, कारण मी डार्विनकडे या बाजूनं बघतो. आमच्या घरातल्या मुलांना तो माकडामुळे माहीत आहे, थोडं पुढे शिकलेल्यांना गॅलापॅगोसच्या चिमण्यांमुळे. पण बीगल जहाजावरच्या पाच वर्षांत त्यानं जी टिपणं लिहिली त्यांत भूगर्भशास्त्राची पानं १,३८३ आहेत आणि प्राणिशास्त्राची ३६८. गडी हातोडी घेऊन निघाला होता. परत आल्यावर ४ जानेवारी १८३७ला लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीत त्यानं जो निबंध वाचला तो चिलीचा किनारा वर उचलला गेल्याबद्दल होता. पुढे तो त्याच सोसायटीचा चिटणीस झाला. १८४२ ते १८४६ या काळात प्रवाळबेटं, ज्वालामुखी बेटं आणि दक्षिण अमेरिकेचं भूशास्त्र अशी त्याची तीन पुस्तकं आली. उत्क्रांतीचं पुस्तक यायला तेव्हा अजून तेरा वर्षं होती.

त्याची सुरुवात मात्र वाईट झाली. एडिंबरोला डॉक्टरकी शिकायला गेला असताना त्यानं रॉबर्ट जेमसन यांची व्याख्यानं ऐकली आणि इतका वैतागला, की जन्मात पुन्हा या विषयाचं पुस्तक हातात धरायचं नाही असं त्यानं ठरवलं. एक प्रसंग त्यानं म्हातारपणी लिहून ठेवला आहे. शहराला लागूनच सॅलिसबरी क्रॅग्ज नावाचे कडे आहेत. तिथे जेमसन मुलांना ट्रॅपची एक डाइक दाखवत होते. ट्रॅप म्हणजे बेसॉल्टसारखा, लाव्हा थिजून झालेला काळा दगड आणि डाइक म्हणजे दुसऱ्या खडकात उभी घुसलेली दगडी भिंत. तिच्या कडांना पोकळ्या भरून झालेले ठिपके, दोन्ही अंगांचा खडक भाजून कडक झालेला, सगळीकडे ज्वालामुखीचा दगड. आणि प्रोफेसर सांगत होते, की ही भेग वरून गाळ पडून भरली. वर टोमणाही मारला, की काही लोक म्हणतात म्हणे, हा रस खालून वितळलेला वर आला!

हे वाचताना मला हसू आवरत नाही. आम्ही ट्रॅपवरच राहतो. घराचा पाया खणला की ठिपक्यांचा तोच दगड निघतो, काळ्यात पांढरे डोळे असलेला. लाव्हा थिजताना त्यातल्या वायूचे बुडबुडे अडकून राहिले आणि नंतर झिरपत्या पाण्यानं त्या पोकळ्यांत गारगोटी, झिओलाइट असं काहीबाही भरून टाकलं. नर्मदेच्या खोऱ्यात उतरलं की डाइकही हव्या तेवढ्या. त्या आमच्या कामाच्या, कारण जमिनीखालचं पाणी त्या अडवून धरतात. जेमसनना एकदा विंध्याच्या घाटात आणून उभं करायला हवं होतं.

डार्विनचं मन वळलं ते केंब्रिजच्या हेन्स्लोंमुळे. ते खरे वनस्पतिशास्त्राचे, पण पोराला त्यांनी खडकाकडे ढकललं आणि एक क्लिनोमीटर मागवून घ्यायला लावला. थर कोणत्या दिशेला, किती अंशांनी कलला आहे ते मोजायचं हे छोटं उपकरण. जुलै १८३१मध्ये डार्विन त्यांना लिहितो, की झोपायच्या खोलीतली सगळी टेबलं मी वाटेल त्या कोनात आणि वाटेल त्या दिशेला कलती केली आणि कुणाही भूगर्भशास्त्रज्ञाच्या तोडीनं मोजून काढली. बावीस वर्षांचा, पुढेमागे पाद्री व्हायचं ठरलेला मुलगा. श्रूझबरीत नावाजलेले डॉक्टर असलेले त्याचे वडील खोलीत डोकावले असते तर काय म्हणाले असते, हा विचार मी पुष्कळदा करतो. माळव्यात मात्र हे उपकरण खिशातच राहतं. आमचे थर इतके आडवे, की मोजणार काय?

ऑगस्टमध्ये केंब्रिजचे भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक अॅडम सेजविक वेल्सच्या दौऱ्यावर निघाले आणि डार्विनला बरोबर घेतलं. निघायच्या आदल्या रात्री ते डार्विनच्या घरीच मुक्कामाला होते. तेव्हा यानं त्यांना मोठ्या उत्साहानं सांगितलं, की इथल्या एका खडीच्या खाणीत मजुराला उष्ण समुद्रातला मोठा शंख सापडलाय. तो विकायला तयार नाही, म्हणजे खरंच सापडला असणार. सेजविक म्हणाले, कुणीतरी टाकला असेल. आणि पुढे म्हणाले, तो खरोखरच त्या थरातला असेल तर ती भूशास्त्रावरची सगळ्यात मोठी आपत्ती, कारण या भागातल्या वरच्या थरांबद्दल आजवर जे कळलंय ते सगळं उलटेल.

इतकी भारी वस्तू सांगूनही गुरुजी खूष होत नाहीत याचं डार्विनला नवल वाटलं. पण शास्त्र म्हणजे सुट्या गोष्टींचा ढीग नव्हे, त्या अशा लावायच्या की त्यातून काही नियम निघावा, हे आपल्याला तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं, असं त्यानं लिहिलं आहे. मला हा प्रसंग रोज आठवतो. एखाद्या कॉलनीत कोपऱ्यावरच्या घरी तीन इंच पाणी लागतं आणि लगेच सगळी गल्ली म्हणते, आमच्याकडे झराच आहे. झरा नसतो. एका घराच्या नशिबाची ती एक भेग असते. गल्लीचं पाणी सांगायचं तर आटलेल्या बोअरही मोजाव्या लागतात. पण त्या कुणी सांगत नाही. लाज वाटते लोकांना.

२७ डिसेंबर १८३१ला बीगल निघालं. कॅप्टन फिट्झरॉयनं त्याला चार्ल्स लायेलच्या भूशास्त्राच्या ग्रंथाचा पहिला खंड भेट दिला होता. हेन्स्लोंनी सांगून ठेवलं होतं, वाच, पण त्यातली मतं मात्र घेऊ नकोस. लायेलचं म्हणणं थोडक्यात असं, की आज जी कारणं डोळ्यांसमोर काम करताहेत, म्हणजे पाऊस, नद्या, भूकंप, ज्वालामुखी, त्यांनीच पुरेशा काळात सगळी पृथ्वी घडवली. महाप्रलय वगैरे मध्ये आणायची गरज नाही. शिष्यानं वाचलं आणि मतंही घेतली.

पहिला खडक त्याला मिळाला तो आफ्रिकेच्या पश्चिमेला, केप व्हर्डेमधल्या सेंट जागो बेटावर, जानेवारी १८३२मध्ये. बंदरात शिरतानाच समोरच्या कड्यात एक पांढरा पट्टा दिसतो. समुद्रापासून साधारण ४५ फूट वर, अगदी आडवा, किनाऱ्यानं काही मैल गेलेला. जवळ जाऊन बघितलं तर चुन्याचा थर, आत शिंपले खच्चून भरलेले, आणि बहुतेक तेच जे खालच्या किनाऱ्यावर आजही जिवंत आहेत. पट्ट्याच्या खाली जुना ज्वालामुखीचा खडक, वर बेसॉल्टचा जाड थर. जिथे लाव्हा टेकला तिथे चुना भाजून बदललेला, कुठे स्फटिकासारखा, कुठे घट्ट ठिपकेदार दगड.

आता हे वाचायचं कसं? शिंपले आहेत, तर हा थर समुद्राच्या तळाशी होता. वरून लाव्हा वाहत समुद्रात शिरला, त्यानं थर झाकला. मग सगळं एकजीव वर उचललं गेलं. पट्टा आडवाच राहिला, म्हणजे उचलणं धक्काबुक्कीचं नव्हतं, सावकाश होतं. आणि शिंपले आजचेच आहेत, म्हणजे हे फार जुनंही नाही. फक्त ज्वालामुखीच्या तोंडांभोवती पट्टा खाली कललेला त्याला दिसला, म्हणजे तिथे जमीन उलट बसली होती. एका कड्यात एवढं सगळं. लाव्ह्याच्या बुटक्या कड्याखाली उन्हात बसल्या बसल्या आपण भूशास्त्राचं एखादं पुस्तक लिहू शकू असं तेव्हा प्रथम मनात आलं आणि अंगावर काटा आला, असं तो सांगतो. पायाशी भरतीच्या डबक्यांत जिवंत प्रवाळ होते, हेही लिहायला विसरत नाही.

इंदूरकरांना हा पट्टा पाहायला आफ्रिकेला जावं लागत नाही. धारवरून मनावर गावाच्या बाजूला उतरा, जिराबादजवळ चिराखान नावाचं गाव आहे. तिथे आणि पुढे बाघच्या परिसरात खाली वाळूचा दगड, त्यावर चुनखडी, चुनखडीत शिंपले, समुद्री अर्चिन, नशीब असेल तर अमोनाइट या लोप पावलेल्या समुद्री प्राण्याची गुंडाळी, आणि सगळ्यांच्या डोक्यावर आपला काळा ट्रॅप. नर्मदेच्या खोऱ्यातून समुद्र इथवर आत आला होता. कॉलेजात असताना आम्हाला तिथे नेत. दुपारी गावातली पोरं मुठीत शिंपले घेऊन यायची आणि आमच्याकडे बघून हसायची, की हे शहरातले दगड उचलायला एवढ्या लांब आले. लोक बाघला लेण्यांसाठी जातात आणि लेणी बघून परततात. लेणी ज्यात कोरली आहेत तो वाळूचा दगड याच कुटुंबातला, हे कुणी सांगत नाही.

फरक काय तो लक्षात ठेवा. सेंट जागोचे शिंपले आजचे. बाघचे प्राणी कधीच संपले. ते सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वीचे, वरचा ट्रॅप सुमारे ६.६ कोटींचा. डार्विनच्या हातात हे आकडे नव्हते. त्याच्याकडे वर काय, खाली काय, आणि कोणता शिंपला अजून जिवंत आहे, एवढंच होतं.

काळ मोजायचं आमचं साधन याहूनही गावठी. मशीन सुरू झालं की आधी काळी माती, मग पिवळा मुरूम, केसिंग, म्हणजे बोअरच्या तोंडाचा पाइप, तिथपर्यंत. मग हॅमर दगडावर बसतो आणि आवाज बदलतो. प्रत्येक रॉड उतरला की वर आलेल्या भुक्क्यातला मूठभर मी बाजूला काढतो आणि भिंतीलगत ओळीनं ढिगल्या लावतो. काळा, करडा, काळा. आणि मध्येच विटकरी. ऑपरेटर ओरडतो, "साब, लाल मिट्टी आ गई!" ओल्या भुक्क्याला बोट लावलं तर साबणासारखं बुळबुळीत लागतं. हा लाल थर म्हणजे दोन लाव्ह्यांमधली सुट्टी. पहिला लाव्हा आला, थंड झाला, ऊनपावसात कुजून त्याची माती झाली, आणि तेव्हा कुठे दुसरा त्यावर येऊन पडला. एका बोअरमध्ये असे लाल थर एकाहून जास्तही लागतात. घरमालक शेजारी उभा राहून फुटाचा भाव मोजत असतो, त्याला यातलं काही सांगायची ती वेळ नसते.

चिलीत जमीन वर उचलली जाते याचा पुरावा डार्विनला डोळ्यांसमोर मिळाला. २० फेब्रुवारी १८३५ला व्हाल्डिव्हियाजवळ तो रानात पडून विश्रांती घेत होता, तेव्हा भूकंप झाला. पुढे कॉन्सेप्शनला पोचले तर गाव जमीनदोस्त, आणि सांता मारिया बेटावर फिट्झरॉयला भरतीच्या रेषेच्या १० फूट वर खडकाला चिकटलेले कुजके शिंपले सापडले. दहा फूट, एका झटक्यात. मग महिनाभरानं अँडीज ओलांडताना जवळपास १४,००० फुटांवर समुद्री शिंपले दिसले, तेव्हा त्याला हिशेब मांडायला अडचण आली नाही. उस्पायाताच्या रांगेत तर उभी झाडंच्या झाडं दगड होऊन बसलेली, बर्फासारखी पांढरी खोडं. ती जमिनीवर उगवली, जमिनीसकट समुद्राखाली गेली, गाळ आणि लाव्ह्याखाली पुरली गेली आणि पुन्हा वर आली. जमीन वर जाते तशी खालीही जाते, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं.

आणि इथेच त्याची ती करामत आहे जिच्यापुढे मी टोपी काढतो. प्रवाळबेटांचं कोडं त्यानं दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर असताना सोडवलं, एकही खरी प्रवाळभित्ती बघायच्या आधी. कोडं असं: भित्ती बांधणारे प्रवाळ उथळ पाण्यातच जगतात, पण भर समुद्रात, जिथे तळाचा पत्ता नाही, तिथे प्रवाळांची कंकणं उभी आहेत. ती कशावर उभी? लायेल म्हणत होते, बुडालेल्या ज्वालामुखींच्या तोंडांवर. डार्विन म्हणाला, बेट खचतंय आणि प्रवाळ वर वर बांधत जाताहेत. आधी भित्ती किनाऱ्याला चिकटलेली. बेट खाली गेलं की मध्ये पाणी शिरून ती लांब राहते. बेट पार बुडालं की नुसतं कडं उरतं. तीन प्रकारची बेटं ही एकाच बेटाची तीन वयं.

एप्रिल १८३६मध्ये हिंदी महासागरातल्या कीलिंग बेटांवर त्यानं आणि फिट्झरॉयनं मोजमाप केलं. शिशाच्या वजनाच्या बुडाला चरबी लावायची आणि दोरीनं खाली सोडायचं. दहा वाव, म्हणजे साठ फूट खोलीपर्यंत चरबीवर जिवंत प्रवाळाचे ठसे स्वच्छ उमटून यायचे, वाळूचा कण नाही. त्याखाली वाळू वाढत गेली, ठसे कमी झाले. आणि किनाऱ्यापासून २,२०० यार्डांवर ७,२०० फूट दोरी सोडली तरी तळ लागला नाही. आमच्या भुक्क्याच्या ढिगल्या आणि त्यांची चरबी, मला दोन्ही एकाच बिरादरीतल्या वाटतात.

सगळंच त्याचं बरोबर आलं असं नाही. १८३८मध्ये स्कॉटलंडच्या ग्लेन रॉयमध्ये डोंगराच्या अंगावर समांतर गेलेल्या पायवाटांसारख्या रेषा बघून त्यानं निकाल दिला, की हे जुने समुद्रकिनारे. चिली डोक्यात भिनलेला होता ना! सरोवर म्हणावं तर पाणी अडवणारा बांध दिसत नाही, म्हणून समुद्रच. दोन वर्षांत हिमनद्यांचे अभ्यासक लुई अगासीझ आले आणि म्हणाले, बांध होता, बर्फाचा होता, वितळून गेला. डार्विननं पुढे आपल्या त्या निबंधाला पहिल्यापासून शेवटपर्यंत एक अवाढव्य घोडचूक म्हटलं. "दुसरं काही असूच शकत नाही, म्हणून हेच" हा युक्तिवाद तेव्हापासून त्याला विषासारखा. आमच्या धंद्यात तो रोज चालतो.

गंमत म्हणजे प्रवाळांच्या बाबतीत डार्विनवर शंका घेणाऱ्यांत लुईंचा मुलगा अलेक्झांडर पुढे होता. मे १८८१मध्ये, मृत्यूच्या जेमतेम वर्षभर आधी, डार्विननं त्यालाच लिहिलं: एखाद्या गडगंज कोट्यधीशानं मनावर घ्यावं आणि पॅसिफिक किंवा हिंदी महासागरातल्या कंकणबेटांवर बोअर मारून पाच-सहाशे फुटांचे नमुने आणावेत. ज्या माणसानं आयुष्यभर वरून बघून खालचं सांगितलं, तो शेवटी म्हणतो, भोक पाडा आणि बघा. कोट्यधीश नाही, पण रॉयल सोसायटीनं मनावर घेतलं. १८९६ ते १८९८ दरम्यान पॅसिफिकमधल्या फुनाफुटी या कंकणबेटावर बोअर झाली. १,११४ फुटांपर्यंत सगळं प्रवाळी, ज्वालामुखीचा दगड काही लागला नाही. दोन्ही पक्ष आपापल्या परीनं अर्थ लावत राहिले. मग १९५२मध्ये अमेरिकेनं पॅसिफिकमधल्याच एनिवेटॉक या कंकणबेटावर, जिथे अणुचाचण्या चालल्या होत्या तिथे, बोअर उतरवली. चार हजार फुटांहून खाली जाऊन ती बेसॉल्टवर टेकली. वर सगळा उथळ पाण्यातल्या प्रवाळांचा चुना. बेट खचलं होतं. हिमयुगांत समुद्राची पातळी खालीवर झाली त्याचाही या बेटांच्या रूपात वाटा आहे, हे नंतर कळलं, पण पाया डार्विनचाच राहिला.

हे सगळं मी परवा लोकमान्यनगरातल्या एका काकूंना सांगत होतो. मशीनची वाट बघत आम्ही त्यांच्या ओट्यावर बसलो होतो. नर्मदेचं पाणी नदीकाठच्या जलूदहून चढून येतं, पण त्यांच्याकडे दिवसाआड, तेही कमी दाबानं. शेजारी खोल गेले म्हणून आपणही तेवढंच जायचं, असा त्यांचा हट्ट. चार हजार फुटांची गोष्ट ऐकून त्या चहाचा कप खाली ठेवून म्हणाल्या, "एवढं खणलं, मग पाणी तरी लागलं का?"

"काकू, तिथे पाणी वरच असतं. डार्विननं तेही लिहून ठेवलंय. कीलिंगला जहाजानं पाणी भरलं ते विहिरींतून. चारी बाजूंनी समुद्र, विहीर वाळूतली, आणि पाणी गोडं. भरतीला विहीर चढायची, ओहोटीला उतरायची."

"मग खारं का नाही? वाळूतून गाळून येतं?"

"तेव्हाही लोकांना तसंच वाटायचं. तो म्हणाला, गाळून नाही. खालची वाळू आणि प्रवाळ खाऱ्या पाण्यानं भिजलेलेच आहेत. वरून पाऊस मुरतो, तो समुद्राच्या पातळीपर्यंत उतरतो आणि तेवढंच खारं पाणी बाजूला सारून वरच राहतो. समुद्र वरखाली झाला की तो गोडा थरही त्याच्याबरोबर वरखाली. पुढे याचं गणित घायबेन आणि हर्ट्झबर्ग यांच्या नावानं प्रसिद्ध झालं, आम्हाला परीक्षेत असायचं."

"म्हणजे तिथे जास्त खोल गेलं तर?"

"खारं."

काकूंनी जरा विचार केला. "आपल्याकडे खारं नाही ना पण लागत?"

"नाही. आपल्याकडे खाली कोरडा पाषाण. पाणी वरच्या कुजक्या थरात, लाल मातीच्या आसपास आणि भेगांत. त्याखाली जाल तेवढे फुटाचे पैसे."

"मग तुम्ही मशीनवाल्याला तसंच सांगा. मी सांगितलं तर तो ऐकायचा नाही."